घासलेल्या मुळ्या

पुसण्याच्या बाबतीत माझ्याशी कुणी बरोबरी करू नये. माजरीच्या कोळशाच्या खाणी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. खिडकीची जाळी, पंख्याची पाती, तुळशीची पानं, माठाचं झाकण, सगळ्यांवर दिवसातून दोनदा ओलं फडकं फिरतं. त्यात इथलं पाणी जड. नळावर, भांड्यावर, फरशीवर वाळलं की पांढरा थर धरतं. तो लिंबाची फोड आणि नारळाची शेंडी घेऊन घासावा लागतो. काळं पुसायचं आणि पांढरं घासायचं, यातच आमच्याकडच्या बायकांचा दिवस जातो. मी सरकारी नर्स होते. नोकरीतून निवृत्त झाले, फडक्यातून नाही.

अशा गावात मी अकरा वर्षं ऑर्किड सांभाळलं म्हटलं की लोकांना हसू येतं. येऊ दे. आमच्या कॉलनीत चार-पाच घरांनी नागपूरहून जांभळ्या फुलांच्या कुंड्या आणल्या, टीव्हीशेजारी ठेवल्या, कौतुकानं रोज पाणी घातलं आणि उन्हाळा पुरता लागायच्या आत कचऱ्यात टाकल्या. माझ्याकडे कुंडीच नव्हती. माती नाही, खत नाही. अंगणातल्या कडुलिंबाला मोहाची हातभर फांदी तारेनं बांधलेली आणि त्या फांदीला धरून बसलेलं ते. पानं जाड, लांब, मधोमध दुमडलेली. मुळ्या बोटाएवढ्या, उघड्या, हवेत लोंबणाऱ्या.

येणारा प्रत्येक जण शहाणपणा शिकवायचा. "नर्सबाई, कडुलिंबाले बांडगूळ लागलं, काढून टाका."

माझ्या डोक्यात तिडीकच जायची. "बांडगूळ झाडाचा रस पिते. हे फक्त बसायले जागा मागते. हवेतलं, पावसातलं आपलं आपण कमावते. तुमच्या घरी असे किती जण आहेत?"

परत कुणी विचारायचं नाही.

हे झाड माझ्याकडे आलं गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या गावातून. तिथल्या उपकेंद्रात मी नऊ वर्षं काढली. आमचे हे इथे खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन, मी तिकडे. राहायला एका गोंड कुटुंबाच्या घरातली खोली होती. घरची कर्ती म्हणजे बाई. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, सडसडीत, बोलणं कमी. मी तिला नुसतंच बाई म्हणायची, ती मला नर्सबाई. पहिल्याच महिन्यात आमचं वाजलं. एका पोराचा कान ठणकत होता आणि बाई त्याच्या कानात कसल्याशा पानाचा कोमट रस सोडत होती. मी धावत जाऊन हात धरला.

"कानात काई टाकायचं नाई! मी कशाले बसली इथी?"

बाईनं शांतपणे वाटी खाली ठेवली. "मंग तू टाक. पण लवकर टाक, पोरगं रडून राह्यलं."

ते पान या झाडाचं. वैद्य याला रास्ना म्हणतात, शहरातले ऑर्किड म्हणतात, बाई म्हणायची, "माह्या मोहावरचं." घरामागे तिचा मोठा मोह होता. तिकडे घरागणिक मोहाची झाडं ठरलेली असतात. हा अमक्याचा, तो तमक्याचा, कुठे लिहिलेलं नाही पण दुसऱ्याच्या मोहाखाली कुणी फुलं वेचत नाही. हा मोह बाईला सासूकडून आलेला. त्याच्या वरच्या फांद्यांवर ही झाडं बसलेली होती आणि भर उन्हाळ्यात, सगळं रान वाळून कोळ झालेलं असताना ती फुलायची. पिवळट पाकळ्या, त्यावर तपकिरी रेघांची जाळी, मधली पाकळी जांभळी. सकाळी त्या मोहाखाली उभं राहिलं की असा वास यायचा, की उपकेंद्राचं रजिस्टर भरायला जायची इच्छाच होत नसे.

मला त्यातलं एक हवं होतं. मी सरळ म्हटलं, "बाई, एखाद्या पोराले चढव ना वर, मले एक काढून दे."

बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी तिच्या अंगावरचं लुगडं मागितलं. "उभ्या झाडावरचं काढत नाई आमी. पडलं तर घ्यावं."

"आणि नाई पडलं तर?"

"तर नाई घ्यावं."

झालं. पुढे सात उन्हाळे मी खालूनच वास घेतला. माझी माजरीजवळ बदली झाली आणि मी सामान बांधत होते, त्याच आठवड्यात वादळ आलं. सकाळी दार उघडलं तर बाई उभी. हातात मोहाची मोडलेली फांदी, तिला धरून बसलेलं झाड. "पडलं," ती म्हणाली. "घे." जन्मात मी कुणासमोर रडले नाही, तिथे मात्र रडले. एसटीत ती फांदी मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, "सरपण घरून घेऊन जाता का, बाई?" मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो पुढे गेला.

आणि इथे मी ते जगवलं. बढाई नाही मारत, जगवलंच. कडुलिंबाच्या पूर्वेच्या बाजूला, सकाळचं कोवळं ऊन लागेल आणि दुपारचं पानांतून गाळून येईल असं बांधलं. पावसाळ्यात हात लावायचा नाही. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी शिंपडायचं. उन्हाळ्यात, आमच्याकडचं ऊन म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, सकाळ-संध्याकाळ पाणी आणि बाजूला गोणपाट ओलं करून टांगायचं. तिसऱ्या वर्षी त्याला दांडा आला आणि दांड्यावर सात फुलं. मी बाईला फोन लावला. ती विचारायची, "पुंगार आला काय?" पुंगार म्हणजे फूल. आला म्हटलं की म्हणायची, "वास सांग." फोनवर वास कसा सांगणार! मी आपली सांगत बसायची आणि आमचे हे हसायचे. दर वर्षी फुललं ते. मुळ्या मोहाच्या फांदीवरून उतरून कडुलिंबाच्या सालीलाही चिकटल्या.

मग मी निवृत्त झाले. हाती वेळच वेळ. त्या दिवाळीला सगळं घर घासून काढलं, नळ चकाचक, फरशी चकाचक, आणि मी अंगणात आले. पहिल्यांदाच त्या मुळ्यांकडे नीट जवळून पाहिलं. पांढऱ्याफटक. नळावर धरतो तस्सा थर. दहा वर्षं मी त्याला हेच जड पाणी पाजलं, क्षार धरणार नाही तर काय! माझी मलाच लाज वाटली. सगळं घर घासते आणि याला विसरले.

लिंबू घेतलं. नारळाची शेंडी घेतली. स्टुलावर चढून एकेक मूळ धरून घासलं. दोन तास. पांढरं निघत गेलं, आत बारीक दोऱ्यासारखी पिवळट मुळं दिसायला लागली. हे ओसरीत पेपर वाचत होते.

"अवं, तू त्याले आंघोळ घालून राह्यली काय?"

"दहा वर्षांची घाण आहे. तुम्ही पेपर वाचा."

महिन्याभरात पानं सुरकुतली. दोरे काळे पडले. मी पाणी वाढवलं, एक पान पिवळं होऊन गळलं. नागपूरच्या एका नर्सरीवाल्याला फोनवर सगळं सांगितलं.

"मॅडम, ते पांढरं म्हणजे त्याचं कातडं होतं. त्यानंच ते पाणी पितं. तुम्ही त्याला सोलून काढलंत."

मी फोन ठेवला. आयुष्यभर लोकांना ओरडत आले, जखमेला हे लावू नका, कानात ते टाकू नका. आणि मीच एका जित्या जिवाचं कातडं लिंबू लावून सोललं. खाणीच्या गावातली बाईच हे करू जाणे. दुसरीकडे कुणाला पांढरं दिसलं की हात शिवशिवत नाहीत.

त्याच दिवसांत बाईच्या सुनेचा फोन आला. बाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, दोन वर्षं हातानं चाचपून वावरते, आता माघात चंद्रपूरला ऑपरेशन करायचं ठरलं. तयार होत नव्हती, पण अट घालून तयार झाली.

"कसली अट?"

"तुमच्याकडचं झाड पाहायचं म्हणते. आमचा मोह गेला ना, मॅडम. रस्ता मोठा झाला, त्यात गेला. तोडला तेव्हा आई तिथेच उभ्या होत्या, पण दिसलं काई नाई त्याइले. नुसता आवाज ऐकला." मग म्हणाली, "त्या झाडाचं आता तुमच्याकडे आहे तेवढंच."

मी म्हटलं, "येऊ दे. झाड मस्त आहे." आणि खिडकीतून त्या काळ्या दोऱ्यांकडे बघत राहिले.

त्यानंतर मी जे केलं ते नर्सच करू शकते. पेशंट समजून केलं. भिंतीवर कागद चिकटवला. पाणी कधी, किती, पान कसं. नळाचं पाणी बंद, फक्त फिल्टरचं. गोणपाटाचा आडोसा. हे म्हणाले, "नवीन आणून बांधू या तिथे. तिले दिसत थोडीच?"

मी इतकी भडकले की त्यांनी दोन दिवस मला चहा मागितला नाही. पण खरं सांगायचं तर नागपूरला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते तेव्हा त्या नर्सरीत जाऊन आले. तशीच जाड पानं, तशाच मुळ्या, वर दांडा आलेला. हातात घेऊन पंधरा मिनिटं उभी राहिले. मग परत ठेवलं आणि स्वतःवर चरफडत बस पकडली.

माघात बाई आली. सुनेचा हात धरून, पाय चाचपत. अंगणात आल्या आल्या "जोहार" म्हणाली आणि पुढे, "कुठी आहे?" चहा नाही, पाणी नाही. मी तिला हात धरून कडुलिंबापाशी नेलं. तिनं आधी मोहाची फांदी चाचपली, सालीवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. चेहरा असा झाला की मला बघवेना. मग पानं. मग हात खाली मुळ्यांवर आला आणि थांबला.

"याचं वरचं कुठी गेलं?"

"ऊन लागलं, बाई," मी म्हटलं. "यंदा ऊन फार होतं."

तिनं हात काढून घेतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "चहा दे."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बत्तीस वर्षं नोकरी केली, चुकीचं औषध कधी दिलं नाही, चुकीची नोंद कधी केली नाही, आणि एका आंधळ्या बाईला तोंडावर खोटं सांगितलं. ती त्या झाडासाठी आलेली, दुसऱ्या कशासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला हिरवा गाऊन घातला, डोळ्यांत थेंब टाकले, नंबर येईपर्यंत बाकावर बसवलं. सून कागद करायला गेली होती. मी तिच्या शेजारी बसले होते. एकदम तोंडातून निघून गेलं, "बाई, मुळ्या म्या घासल्या. लिंबू लावून. घाण वाटली मले."

बाई हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. "उन्हानं असं सोलते काय कधी? हाताले समजते ना व. आनं खोटं बोलली तं तुहा आवाज बारीक झाला, लेकरासारखा."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू सांगशील म्हणून." मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मेलं काय ते?"

"नाई."

"मंग रडू नको. मी आंधळी, तू रडकी, डॉक्टर कोणाले आत नेईन?"

एका डोळ्याची पट्टी निघाली दुसऱ्या सकाळी; दुसऱ्या डोळ्याचं पुढे दोन महिन्यांनी झालं. बाईनं काळा चष्मा लावला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बापा! किती म्हातारी झाली व नर्सबाई!" वॉर्डातले सगळे हसले. घरी आल्यावर ती एकटी कडुलिंबापाशी गेली. फूल नव्हतं, दांडा नव्हता, उरलेली पानं चार. ती वाकून वाकून बघत राहिली. मग मला हाक मारली. पानाच्या बुडाशी, मोहाच्या फांदीला टेकून, हरभऱ्याच्या दाण्याएवढं हिरवंगार टोक बाहेर आलं होतं. नवी मुळी. मी रोज दोनदा बघत होते आणि मला दिसलं नव्हतं.

मी लगेच कात्री आणली, जुने काळे दोरे कापून टाकावेत म्हणून. बाईनं माझा हात धरला, मी एकदा तिचा धरला होता तसाच. "त्याइले राहू दे. मेले असले तरी तेच धरून आहेत." आणि मग, "फुललं की बोलाव. आता दिसते मले."

पहिल्या उन्हाळ्यात फुललं नाही. मी पुसलं नाही, घासलं नाही, कोळशाची धूळ पानांवर बसली तरी हात मागे बांधून उभी राहिले. हे माझ्यासाठी सोपं होतं असं कुणी समजू नये. पावसाळ्यात मुळ्या वाढल्या, जाड, पांढऱ्या, टोकाला हिरव्या. त्यातली एकही कडुलिंबाकडे वळली नाही, सगळ्या आपल्या मोहाच्या फांदीलाच गुंडाळल्या. आणि या उन्हाळ्यात, दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही अशा दिवसांत, दांडा आला. पाच फुलं.

फोन केला. बाई तिसऱ्या दिवशी आली. एकटी. दोन बस बदलून, हातात पिशवी, डोक्यावर पदर. मी फाटकात उभी होते, ती मला ओलांडून सरळ झाडाकडे गेली. चष्मा काढला, नाक फुलांत घातलं. किती वेळ ते मी मोजलं नाही. वळली तेव्हा डोळे वाहत होते, ऑपरेशन केलेले दोन्ही.

"तोच," एवढंच म्हणाली.

जेवली, आराम केला, ऊन उतरल्यावर पिशवी उचलून निघाली. एका शब्दानं मागितलं नाही. मागणार नव्हतीच, मला माहीत होतं. जेवताना मात्र तिनं सांगितलं होतं की, त्या मोहाच्या बीपासून उगवलेला एक मोह बांधावर आहे, आता घराएवढा झाला. सहज सांगितलं, भाजीला मीठ बरोबर आहे म्हणावं तसं.

माझ्या मनात त्या क्षणापासून काय चाललं होतं ते मलाच माहीत. अकरा वर्षं! माझ्या हातानं मारलं, माझ्या हातानं जगवलं. फुललेलं झाड होतं ते माझं.

"बाई, घेऊन जा," मी म्हटलं.

"नाई." ती थांबलीसुद्धा नाही. "उभ्या झाडावरचं आमी काढत नाई."

मी ओसरीत गेले. यांच्या हत्यारांच्या पेटीतली पक्कड आणली. स्टुलावर चढले आणि खालची तार तोडली, मग वरची. कडुलिंबाला चिकटलेले ते काळे, घासलेले दोरे तेवढे ताणले गेले आणि तटतट तुटले. फांदी फुलांसकट माझ्या पदरात आली.

"बाई," मी हाक मारली. आवाज बारीक झाला होता, पण खोटा नव्हता. "पडलं. घे."

ती फाटकातून परत आली. माझ्याकडे पाहिलं, पकडीकडे पाहिलं, तुटलेल्या तारेकडे पाहिलं. मग पदर पसरला.

आता सकाळी मी सगळं अंगण पुसते. जाळी, तुळस, माठ, फाटक. कडुलिंबाच्या पूर्वेच्या बाजूला सालीला दोन काळे दोरे चिकटलेले आहेत, त्यावर धूळ बसली आहे. हे म्हणाले, "ते राह्यलं की व पुसायचं." मी म्हटलं, "राहू द्या."